झाडाखालचं रीडिंग

वीज कंपनीच्या ऑफिसात त्याला आग्यावेताळ म्हणत, आणि एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार म्हणून नुसतं आग्या. तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं तो लोकांच्या घरी जाऊन मीटर वाचत होता. खांद्याला पिशवी, पिशवीत लांब दांड्याचा एक आरसा, टॉर्च, वही आणि पांढऱ्या ऑइलपेंटची बारकी डबी. लोक मीटर कुठे दडवून ठेवतात ह्याला काही सुमार नसतो. कुणाचा कपाटामागे, कुणाचा जिन्याखाली, एकाचा तर कोंबड्यांच्या खुराड्यात. आरसा आत सरकवायचा, टॉर्च मारायचा, उलटे दिसणारे आकडे मनात सुलटे करून वहीत लिहायचे आणि मीटरच्या कडेला रंगाचा ठिपका द्यायचा, की हा बघितला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, एवढा एकच धर्म तो पाळत आला होता.

सगळेच असे नसतात. ऊन डोक्यावर आलं की काही जण झाडाखाली बसतात, मागच्या महिन्याच्या आकड्यात अंदाजाने भर घालतात आणि वही भरून मोकळे होतात. ऑफिसात ह्याला 'झाडाखालचं रीडिंग' म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी आग्याने आपल्याच एका सोबत्याची ह्यावरून तक्रार केली होती. हा सोबती सावलीत बसून लिहायचा म्हणून त्याचं नाव सावल्या. त्याच्या भागात एका घरातला मीटर जळून काळाठिक्कर पडला होता आणि हा पठ्ठ्या तीन महिने त्याचं रीडिंग लिहीत होता. घराला आग लागली नाही हे नशीब. सावल्याची रवानगी गोदामात झाली. चौकशीत आग्या सगळ्यांसमोर म्हणाला होता, न बघता लिहिणाऱ्या माणसाशेजारी मी जेवायलासुद्धा बसणार नाही. आणि खरोखर बसला नाही. अकरा वर्षं त्याचा डबा वेगळ्या टेबलावर उघडत होता.

अशा माणसाच्या लेकीच्या मोटरसायकलची टायरं खराब निघाली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

लेक एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रोज सकाळी तीन दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि बर्फाच्या पेटीत घालून हायवेने लॅबमध्ये आणायचे, हे तिचं काम. जायचे चाळीस किलोमीटर, यायचे चाळीस. गाडी बापाने नुकतीच हौसेने घेऊन दिलेली. एके दिवशी पेपरच्या आतल्या पानावर बोटभर बातमी आली. अमुक कंपनीची, अमुक आठवड्यांत बनलेली टायरं सदोष आहेत. गाडी वेगात असताना टायर तापलं की वरचा रबराचा पट्टा सालीसारखा सुटून येतो. तरी गाडीमालकांनी टायरवरचा नंबर बघून डीलरकडून ती फुकट बदलून घ्यावीत. ही बातमी इतक्या बारीक अक्षरांत होती की ती वाचायला आग्याचेच डोळे हवेत. सोन्याच्या दुकानाची जाहिरात त्याच पानावर अर्धं पान खाऊन बसली होती, ते बघून त्याचं डोकं आधीच फिरलं.

तो पेपर घेऊन खाली गेला. नंबर टायरच्या आतल्या अंगाला होता, साखळीच्या बाजूला. आरसा घालून त्याने तो वाचला, मग पुढच्या चाकाचा वाचला. दोन्ही नंबर यादीत होते. त्याने वर येऊन लेकीच्या हातातली किल्ली काढून घेतली.

आता डीलरचं शोरूम म्हणजे काय असतं ते सांगायला नको. गाडी विकत घ्यायला गेलात तर चार माणसं दार उघडायला धावतात. विकलेल्या गाडीची तक्रार घेऊन गेलात तर त्याच चौघांना कसं कोण जाणे, दिसेनासं होतं. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या बाईने असं काही पत्रक आलंच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला पत्रक आलं होतं, पण ते काम बघणारा माणूस रजेवर होता. तिसऱ्या खेपेला मेकॅनिक चाकाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, ह्या टायरवर नंबरच नाही. आग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिथल्या तिथे गुडघ्यावर बसून पिशवीतली डबी काढली आणि दोन्ही टायरांच्या आतल्या अंगाला, नंबराभोवती, पांढऱ्या रंगाचं ठळक कडं काढलं. आता तरी दिसतो का, असं त्याने विचारलं. दिसतो, पण माल आलेला नाही, असं उत्तर आलं. चौथ्या आणि पाचव्या खेपेला माल वाटेत होता. ती कुठली वाट, ते कुणी सांगेना.

तोवर महिना उलटला होता. लेक दोन बस बदलून जायची, पेटीतला बर्फ वितळायचा, लॅबमध्ये बोलणी खायची. मग एके दिवशी आग्याला कळलं की ती गाडीची दुसरी किल्ली वापरून गेले आठ दिवस मोटरसायकलनेच जात होती. घरात जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, टायर फुटेल तेव्हा फुटेल, नोकरी आताच जाईल. त्या दिवसापासून ती बाहेर पडली की पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याला घास गिळवेना. लोकांच्या जिन्याखाली वाकलेला असताना त्याला हायवेवर सुटत जाणारा रबराचा पट्टा दिसायचा.

सहाव्या खेपेला तो काउंटरवर थांबलाच नाही. मॅनेजरच्या काचेच्या केबिनचं दार ढकलून सरळ आत गेला. आवाज किती चढला ते त्याचं त्याला कळलं नाही, पण बाहेर नव्या गाड्यांवर बसून बघणारी गिऱ्हाइकं हळूहळू खाली उतरली. ह्या टायरांवर तुमची पोरगी बसवाल का, असं त्याने विचारलं. बसवाल का, तेवढं सांगा, मग मी जातो.

मॅनेजर मुरलेला होता. त्याने उठून दार लावलं, खुर्ची ओढून दिली, थंड पाणी मागवलं आणि म्हणाला, "काका, चूक शंभर टक्के आमची आहे. तुमच्यासारखा जागरूक गिऱ्हाईक हजारात एक मिळतो. खरं तर नंबर कसा वाचायचा ते आमच्या लोकांना तुम्हीच शिकवायला पाहिजे."

असं आग्याला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं. घरी नाही, ऑफिसात तर नाहीच. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच, आणि आग्या भराभर शेंड्यावर जाऊन बसला. महिनाभर वाटेत असलेला माल तासाभरात मागच्या गोदामातून निघाला. नवी टायरं बसली. मॅनेजरने कागद पुढे केला, त्यावर तीन ठिकाणी पेन्सिलीने फुल्या केलेल्या. आग्याने तीन सह्या ठोकल्या. हेडमेकॅनिक दारात हात पुसत उभा होता. जुनी टायरं मागे काढून ठेवलीत, बघणार का, असं त्याने विचारलं.

"त्यांचं आता मला काय करायचंय," आग्या म्हणाला, आणि नव्या टायरांवर बसून घरी गेला.

पुढचे पाच आठवडे त्याने ऑफिसात आणि शेजारपाजारी ही हकिगत इतक्या वेळा सांगितली की ऐकणाऱ्यांना पाठ झाली. माणसाने भांडायला शिकलं पाहिजे, असा तिचा शेवट असायचा.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी तो एका रंगाऱ्याच्या घरी मीटर बघायला गेला. नेहमीचं घर. मीटर जिन्याखाली, आणि त्याच्या पुढ्यात ह्या वेळी रंगाऱ्याने मोटरसायकल लावलेली. आग्या वाकला, आरसा आत सरकवला. आरसा जरा कलला आणि त्यात एक पांढरं कडं दिसलं. ते मीटरवर नव्हतं, चाकावर होतं. त्याने टॉर्च वळवला. कड्याच्या आतला आकडा सुलटा करायची गरजच पडली नाही. महिनाभर तोंडात घोळलेला तो आकडा त्याला पाठ होता. पुढच्या चाकाला दुसरं कडं होतं, दुसरा नंबर होता.

रंगारी तेवढ्यात बाहेर आला आणि खूश होऊन म्हणाला, बघा, नवी जोडी घातली. शोरूममध्ये ओळख आहे, मागच्या दाराने मिळाली. कुणा गिऱ्हाइकाला रंग आवडला नाही म्हणून त्याने काढून टाकली म्हणे. टायरचा रंग? आग्याने विचारलं. रंगारी हसला. मलाही तेच वाटलं, म्हणाला, काळ्यात काय आवडनिवड. पण जोडी कोरी होती, मी कशाला चौकशी करतोय. हे पांढरं तेवढं खरवडून काढायला गेलो, निघालं नाही. पेंट चांगल्यातला आहे. परवा रविवारी आम्ही तिघं सासरवाडीला निघालोय, हायवेने शंभर किलोमीटर. पोरगी पुढे टाकीवर बसते, तिला वारा आवडतो.

पोरगी पायरीवरच बसली होती. सहा वर्षांची असेल. जुन्या ब्रशने ती पायरीला पाण्याचा रंग देत होती.

आग्याने सांगायला सुरुवात केली: ही टायरं खराब आहेत, कंपनीने परत मागवलीत, माझ्याच गाडीची होती, ह्यांच्यावर बसू नका. रंगाऱ्याचा चेहरा बदलला. मीटर बघायला आलेला माणूस टायरात कशाला नाक खुपसतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"तुमची होती म्हणता," तो म्हणाला. "एवढी खराब होती तर अशी सोडून कशी आलात?"

आग्या मीटरचा आकडा लिहून घेऊन निघाला. तिथून तो शोरूमवर गेला. गेला म्हणजे धावतच गेला, आणि जाताना मॅनेजरला काय काय बोलायचं ते सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. चोर, हरामखोर, लोकांच्या जिवावर उठलेला. ह्यातलं निम्मं त्याने केबिनमध्ये बोलूनही दाखवलं. मॅनेजरने ते शांतपणे ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि एक कागद टेबलावर ठेवला. ह्या वेळी पाणी आलं नाही, काका म्हणणंही नाही.

तिसऱ्या फुलीच्या वरचं वाक्य असं होतं: जुनी दोन्ही टायरं माझ्या डोळ्यांदेखत कापून निकामी करण्यात आली. खाली सही.

"ही तुमचीच ना?" मॅनेजर म्हणाला. "तुम्ही वर तक्रार करा. आम्ही हा कागद दाखवू. मग खोटं कोण बोललं ते तेच ठरवतील."

आग्या भांडण अर्धं टाकून उठला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. तो बाहेर आला. समोरच्या फुटपाथवर एक मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत दोघं-तिघं उभे होते. आग्या उन्हातच उभा राहिला. राग तर अंगात मावत नव्हता, पण न्यायचा कुणाच्या दारात? आजवर त्याचा राग नेहमी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी म्हण आहे. आणि ह्याची तर वाकून बघण्याचीच नोकरी. कागदावरचं वाक्य ठळक होतं, बातमीसारखं बारीकसुद्धा नव्हतं. वाचायला चार सेकंद लागले असते. मागच्या शेडपर्यंत जायला वीस पावलं. पण लेकीची टायरं बदलली होती आणि तेवढ्यावर त्याचं जग संपलं होतं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

संध्याकाळी त्याने लेकीला सगळं सांगितलं, काही न वगळता. ती बोलली ते असं की त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

"म्हणजे माझी बदलून झाली, तिथे तुझं काम संपलं," ती म्हणाली. "बाबा, मी नळी न बघता तिच्यावर नाव चिकटवलं, आणि कुणाचं रक्त कुणाच्या नावावर गेलं, तर तू मला घरात घेशील?"

तिने पर्समधून आपली किल्ली काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर आपटली. रविवारी त्यांना आपली गाडी दे, म्हणाली, मी लागतील तितके दिवस बसने जाईन. आणि त्या टायरांचं काय करायचं ते तू बघ. डोळ्यांनी बघ.

शनिवारी सकाळी आग्या मोटरसायकल घेऊन रंगाऱ्याच्या दारात गेला. ह्या वेळी त्याने आधी आपलं सांगितलं. टायरं माझी होती, ती कापायला हवी होती, कापली असं मी न बघता लिहून दिलं. ही माझी गाडी, उद्या हिच्यावरून जा. रंगारी गोंधळून बघत राहिला, पण त्याची बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. आवाज न चढवता ती जे बोलली ते आग्याला ऐकावं लागलं. पोरीला पुढे बसवतो आम्ही, ती म्हणाली, तुमची कुणी पोरगी आहे का, तिला बसवलं असतंत का ह्यावर? हेच शब्द आग्या केबिनमध्ये बोलला होता. तेव्हा ते बोलायला किती बरं वाटलं होतं ते त्याला आठवलं.

मग रंगाऱ्याची गाडी घेऊन दोघं शोरूमवर निघाले. आग्याने तिच्यावर बसायचं नाव काढू दिलं नाही. तीन किलोमीटर गाडी ढकलत न्यायची ठरली. आग्या पुढे हँडल धरून, रंगारी मागून रेटत, आणि रेटता रेटता वाटभर शिव्या देत. त्या शोरूमला किती आणि आपल्याला किती, ह्याचा हिशोब आग्याने केला नाही. चढावर दोघांचा दम निघाला तेव्हा रंगारी म्हणाला, टायर खराब असेल, पण फिरतंय झक्कास. आग्याला हसू आलं नाही.

शनिवार असल्याने शोरूममध्ये गर्दी होती. आग्याने गाडी बरोबर काचेच्या दारात आडवी लावली. आत जायचं तर तिला वळसा घालावा लागेल, अशी. मॅनेजर बाहेर आला तो कागद हातात घेऊनच. कालच्या औषधाने आजही गुण येईल असं त्याला वाटलं असावं.

आग्याने कागद मागून घेतला आणि एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग खिशातलं पेन काढून त्या वाक्याच्या शेजारी मोकळ्या जागेत लिहिलं: हे खोटं आहे. मी टायरं कापलेली बघितली नाहीत. न बघता सही केली. खाली पुन्हा सही, तारीख, आणि सवयीने वेळही.

मॅनेजरने कागद ओढून घेतला. "हे काय केलंत? तुमच्या ऑफिसला कळवलं तर? खोट्या सह्या करणारा माणूस म्हणून?"

"कळवा. सोमवारी मी स्वतःच कळवणार आहे. आमच्याकडे ह्याला नाव आहे, झाडाखालचं रीडिंग."

माणसं जमली होती. आग्याने गाडीचं चाक फिरवून पांढरं कडं वर आणलं, आरसा धरला आणि ज्याला बघायचं त्याला बघू दिलं. ओरडला नाही. नंबर मोठ्याने वाचला आणि तोच नंबर कागदावर दाखवला. गर्दीत हेल्मेट हातात घेतलेली एक बाई होती. ती पुढे येऊन वाकली, तिने टायरावरचा आकडा वाचला, कागदावरचा वाचला, आणि तिचा चेहरा उतरला. माझीही मागच्या महिन्यात बदलली, ती म्हणाली, आणि मीही तीन ठिकाणी सह्या केल्या. कुणीतरी मोबाइल काढून फोटो घेतला. मग सगळ्यांनीच घेतले. मॅनेजर सगळ्यांना सर, मॅडम म्हणत फिरू लागला, पण आता त्या गोडाला मुंग्या लागेनात. शेवटी त्याने हेडमेकॅनिकला खूण केली आणि गाडी मागच्या शेडमध्ये नेली गेली.

रंगाऱ्याच्या गाडीला नवी जोडी बसली. मॅनेजरने नवा कागद आणला. तीन फुल्या.

"आधी कापा," आग्या म्हणाला.

हेडमेकॅनिकने कटर लावला. रबराचा जळका वास सुटला. दोन्ही टायरं आरपार कापली गेली, पांढऱ्या कड्यांच्या बरोबर मधून. आग्याने खाली बसून तुकडे हातात घेतले, नंबर जुळवून बघितले, आणि मगच सही केली. झालं एकदाचं, असं म्हणून रंगाऱ्याने गाडीला किक मारली.

आग्या मात्र उठताना शेडच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. तिथे निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी रचलेलं होतं. त्याने जाऊन ताडपत्री उचलली. टायरं होती, कोरी दिसणारी, एकावर एक. त्याने टॉर्च मारून वरच्याचा नंबर वाचला. यादीतला होता.

"ही?" त्याने विचारलं.

"ती दुसऱ्या गिऱ्हाइकांची," मॅनेजर वैतागून म्हणाला. "त्यांचं तुम्हाला काय करायचंय?"

वाक्य त्याचंच होतं. ह्याच शेडपासून वीस पावलांवर तो ते बोलला होता आणि हसत घरी गेला होता. आग्याने एक लोखंडी स्टूल ओढलं, शेडच्या दारात उन्हात ठेवलं आणि त्यावर बसला. वहीचं कोरं पान उघडलं. हेल्मेटवाली बाई न सांगता त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या हातातला टॉर्च घेतला.

"एकेक करून कापा," आग्या म्हणाला. "नंबर मी वाचतो."

फोटो काढणारी माणसं अजून दारातच होती, त्यांच्याकडे बघून मॅनेजरने मान हलवली. सतरा टायरं कापायला दुपार गेली. कापून झाल्यावर बाईने मॅनेजरला सह्यांच्या कागदांचा सगळा गठ्ठा बाहेर काढायला लावला. त्यावर बेचाळीस नंबर होते. रंगाऱ्याची दोन आणि ही सतरा वजा करता तेवीस टायरं मागच्या दाराने गेली होती. कुठे, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. आग्याने ते तेवीस नंबर वहीत उतरवून घेतले, बाईनेही घेतले, आणि टायर कंपनीला दोघांच्या सहीचं पत्र त्याच संध्याकाळी गेलं.

सोमवारी त्याने साहेबाच्या टेबलावर स्वतःच्याच विरुद्ध अर्ज ठेवला. साहेबाने तो दोनदा वाचला आणि आपल्याला ह्याचं काय करायचं ते कळत नाही असं म्हणाला. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. आग्याला कळत होतं, आणि पहिल्यांदाच ती थांबवावीशी वाटली नाही. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन गोदामाच्या दारापर्यंत गेला. सावल्या आत एका खोक्यावर बसून एकटाच जेवत होता. अकरा वर्षांत त्याचे केस पिकले होते. आग्या दारातच उभा राहून म्हणाला, मी झाडाखालचं रीडिंग लिहिलं. माणसाच्या जिवावरचं. आणि सगळं सांगून टाकलं.

सावल्याने शेवटपर्यंत ऐकलं. तोंडातला घास संपवला. अजून तसली तेवीस टायरं रस्त्यावर फिरताहेत, हे ऐकून मात्र त्याचा हात थांबला. त्याने वही मागितली. गोदामात रोज तीस-चाळीस मोटरसायकली येतात-जातात, म्हणाला, इकडच्या मी बघेन. मग स्वतःच्या कागदावर तो एकेक नंबर उतरवू लागला, आणि शेजारचं खोकं त्याने पायाने जरा पुढे सरकवलं. आग्या त्यावर बसला. नंबर उतरवून झाल्यावर सावल्याने वही परत दिली, पण देताना हातातून लगेच सोडली नाही.

"ह्यातला एकही," तो म्हणाला, "न बघता खोडायचा नाहीस."